गुळाच्या बोटाचा आकडा

हर्षदा,

दौंडला डॉक्टरांकडं निघायच्या आधी साबणानं हात धू, कोरडे कर आन् साखर परत मोज. काल दुपारी मशीनवर दोनशे बारा आली, ती तुझ्या रक्तातली न्हाई. तू तुझ्याच डोहाळजेवणाच्या लाडवांसाठी गूळ चिरत होतीस आन् तसंच चिकट बोट पुढं केलंस. मी बघितलं, तरी सुई टोचली आन् गप बसले.

आल्या-गेल्याला आपल्या सासूबाई, आत्याबाई, रोज तुझ्याच साखरेचा आकडा सांगतात. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, तापानं फणफणले तरी त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला न्हाई. वाटलं, एक दिवस हिलाबी रडू दे. पण तू उपाशी झोपलीस, आन् आज इन्सुलिन चालू करतील असं भाऊजी म्हणाले, तवा ही चिठ्ठी लिहायला बसले.

साखर मोजली की भाकरी खाऊन निघ. मी पहिल्या एस्टीनं खुटबावला आईकडं चालले. डोहाळजेवणाला मला बोलवायचं का न्हाई, ते तू ठरव.

मशीनच्या पट्ट्यांच्या डबीत एक पट्टी कमी भरंल. ती मी माझ्या बोटाला लावली. ब्याण्णव आली. एकदम चांगली म्हणायची. पण सांगू कुणाला?

तुझी जाऊ,
शालन