चालत्या पट्ट्याजवळ

धाकट्या,

काल तू माझ्या पिठाच्या गिरणीत शिरलास. "दादा, माझ्या गिरणीची गिऱ्हाइकं पळवतोस?" असं ओरडत सळईने माझा खांदा फोडलास. मीही तुला भिंतीवर आदळलं. तेवढ्यात तुझी बाही चालत्या पट्ट्यात ओढली गेली. देवाने बुद्धी दिली आणि मी बटण बंद केलं. बाही फाडून तुला सोडवलं, तर उठता उठता तू माझा दात पाडलास!

पूर्वी मी तुला तिथेच तुडवलं असतं. पण इतकी वर्षं गिऱ्हाइकांची बोलणी ऐकत दळण दळलंय. रक्त थुंकलो आणि गिरणी पुन्हा सुरू केली.

हे पत्र तुला देणार नाही. दादा घाबरला, असं म्हणशील. तू पुन्हा मारायला येशीलच, म्हणून आज पट्ट्याला जाळी बसवून घेतली.

तुझाच,
दादा