बाची टोपी

बाजरी कापणीचा महिना, नवा चंद्र दिसल्याचा दुसरा दिवस

राओगोदादा,

तुझी बहीण पोको हिचा गुडघे टेकून नमस्कार. पत्र मिठाचा व्यापारी इद्रिसा लिहितोय. उत्तरेच्या कड्यावर आला की तोच तुला वाचून दाखवील. "सावकाश सांग बाई, हा हात आहे, घोडा नाही," म्हणतो.

आम्ही बरे आहोत. तांबडी शेळी व्यायली, दोन पिल्लं झाली. बाचा खोकला आता थांबलाय.

मोठी बातमी म्हणजे घोडेवाल्यांचा राजा वारला. येत्या पौर्णिमेला त्याचा मुलगा गादीवर बसणार. त्यांनी कितीही भाले नाचवले, तरी इथलं रान आधी आपल्या लोकांनी मोडलं. आपल्या घरच्या भूमिपुजाऱ्याने हातावर माती ठेवल्याशिवाय त्यांचा राजा होत नाही. बाने या वारलेल्या राजाच्या हातावर तेव्हा माती ठेवली म्हणून तू बाला भित्रा म्हणालास आणि निघून गेलास. ते आता उकरत नाही.

काल त्यांचा कारभारी आला होता.

"म्हातारा कुठंय?"

"झोपलाय."

"परवाही झोपलाच होता. म्हातारा आहे की अजगर? पौर्णिमेला तो उभा राहिला नाही, तर माती द्यायला आमचा माणूस बसवू."

मी हसून वेळ मारून नेली. त्यांचा माणूस बसला, की आपलं कुठलं शेत कुणाला द्यायचं तेही तेच ठरवणार.

इद्रिसा लिहिता लिहिता थांबला. म्हणतो, "पोको, ही टोपी म्हाताऱ्याची ना? बाप जिवंत असताना तुमच्यात लेक त्याची टोपी घालत नाही."

इद्रिसा आत आला तेव्हा टोपी काढायची विसरले रे.

दादा, बा गेला. नऊ दिवस झाले. मी आणि काकीने त्याला धान्याच्या कोठीमागे पुरलं. त्यांना कळू नये म्हणून ढोल नाही, रडणं नाही. वारस बसेपर्यंत थोरल्या लेकीने बापाचे कपडे घालून त्याची जागा धरायची ही आपली रीत, म्हणून रोज दार लावून ही टोपी घालते. शेवटी त्याने तुझंच नाव घेतलं, माझं नाही. उशाशी मी होते, तरीही. फार राग आला मला.

इद्रिसा म्हणतो, "मी मीठ विकतो, बातम्या नाही."

तू ये. नव्या राजाच्या हातावर माती ठेव नाहीतर त्याच्या तोंडावर फेक, पण इथे उभा राहून काय ते कर. आला नाहीस, तर पौर्णिमेला मी ही टोपी घालूनच अंगणात जाईन आणि इतके दिवस दाबलेलं सगळं मोठ्याने रडेन. मग व्हायचं ते होईल.

तोवर बाच्या जागेवर बसलेली,
पोको