भिजवायचं काम

बुधवार, ता. १४

धाकटे,

आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? तुझे भाऊजी खोकतात, पण औषधाचं नाव काढलं की कानात बोळे. तुझ्या मशीनवर चादर टाकलीय. आज सकाळी तेलही सोडलं. कशाला, ते विचारू नकोस.

तू माहेरी गेल्यापासून शिलाईच्या खोलीत कुणी हसत नाही. शाळेनं परत पाठवलेले एकशे चाळीस शर्ट भिंतीशी रचून ठेवलेत. पहिल्याच धुण्यात बाह्या कोपरापर्यंत आल्या. पोरं म्हणे एकमेकांना विचारत होती, "धाकट्या भावाचा घातलास का रे?" काज-बटण करणारी ते ऐकून आधी हसली, मग रडायलाच लागली.

उद्या आपल्या गटाची बैठक आहे. दुसरं कर्ज हवं असेल तर चूक कुणाची ते लिहून द्या, असं कर्जवाल्या साहेबांनी बजावलंय. आपण पाचजणी एकमेकींना जामीन, त्यामुळे चुकणारीचं नाव काढायचं आणि तिचं कर्जावर घेतलेलं मशीन परत करायचं. कागद तयार आहे. त्यावर तुझं नाव आहे. खाली पहिली सही माझी हवी, मी गटप्रमुख ना!

शिवण शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सुती कापड आधी भिजवा, वाळवा, मगच कात्री लावा. मागच्या बैठकीत मी एवढंच म्हणाले, "भिजवायचं काम धाकटीचं होतं." त्यात एक अक्षर खोटं नाही. अगं, हीच तर माझी हुशारी!

तू पिंपात पाणी भरून उभी होतीस. मीच म्हटलं, "राहू दे गं, दुकानदारानं भिजवूनच दिलंय." दुकानदार असं काही बोललाच नव्हता. वाळायला दोन दिवस गेले असते, ऑर्डर हातची गेली असती, आणि मला चारचौघींत मिरवायचं होतं. थोरल्या जावेला उलट कसं बोलायचं म्हणून तू त्या बैठकीतही मान खाली घालून बसलीस. एकदा तरी तोंड उघडायचंस! दुसऱ्या दिवशी पिशवी भरून निघालीस. ते गुडघ्याचं निमित्त मला कळत नाही होय?

भीती वाटते गं. माझं मशीन गेलं तर पै-पैशासाठी पुन्हा तुझ्या भाऊजींच्या तोंडाकडे बघायचं. तोंडानं सांगायला गेले तर ऐन वेळी शब्द फिरवीन, माझी मलाच खात्री नाही. म्हणून हे पाकीट चिकटवलेलं नाही. आत्ताच शिकवणाऱ्या बाईंच्या हातात देतेय. उद्या त्या हे आधी बैठकीत मोठ्यानं वाचतील, मग तुला आणून देतील. तुझ्या हाती पडेल तेव्हा त्या कागदावरचं नाव बदललेलं असेल.

परत यायचं की नाही, ते तू ठरव. आजवर सगळं मीच सांगत आले.

जिचं ऐकून तू फसलीस,
ती तुझी जाऊ