मॅडमना दिलेला कागदी कप

रविवार, १२ जानेवारी. चिमूर

आईवर इतकी चिडले की जेवलेच नाही. मी घरातली पहिली बी.ए. झाले म्हणून कॉलेजच्या मॅडम आज कौतुकानं घरी आल्या. शिकवणीच्या पैशांतून घेतलेले चिनी मातीचे कप मी मुद्दाम धुऊन ठेवले होते. आईनं त्यांना चहा कागदी कपात दिला. कागदी कप त्यांनी मागितला नव्हता!

त्या गेल्यावर मी भांडले. आई म्हणाली, "मोठ्या जातीचे लोक आपल्या कपात पेले का कधी? त्या नाई म्हणाल्या असत्या, तं तुलेच रडू आलं असतं."

म्हणजे कुणी अपमान करायच्या आधी आपणच तो करून घ्यायचा? मॅडमनी मागितला नव्हता, खरं. पण फळीवरचे कप दिसत असूनही त्या काही बोलल्या नाहीत. आणि मी? समोर बसून हसत हसत बिस्किटं पुढे करत होते.