पॅनवरची माया

तीर्थरूप ताईस,

कंबर जितकी वाकू देते तितका वाकून धाकट्याचा नमस्कार. तू बरी असशीलच. (बरी नसतीस तर फोनवर आमच्यावर खेकसली असतीस. गप्प आहेस, म्हणजे तब्येत ठणठणीत आणि राग ताजा.) भावोजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना सांग, त्यांची पँट गुडघ्यात सैल करून ठेवली आहे, पट्टा बांधूनही मांडी घालता येईल. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे भिंती उभ्या आहेत आणि स्वयंपाकघराचं छत धुऊन झालं आहे. छत का धुवावं लागलं, ते सांगायलाच हे पत्र.

जाताना तू तुझा बिडाचा पॅन इथेच टाकून गेलीस. आम्हाला केक करून दाखवायला म्हणून एवढं ओझं बसमधून आणलंस, केक केलास, आम्ही बोटं चाटली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या सिस्टरबाईंनी तो पॅन तारेच्या घासणीने घासून चांदीसारखा केला. (बायको दवाखान्यात सगळ्यांची सिस्टर, तू माझी सिस्टर. दोघींपैकी एकही माझं ऐकत नाही.) तिला वाटलं, नणंदेच्या भांड्यावर केवढी ही काजळी, आपण जरा स्वच्छ करून द्यावं. जन्म दवाखान्यात गेलेलं माणूस, काळं दिसलं की तिला ते जंतूच वाटतात. तू पॅन पाहिलास, काहीतरी बोललीस, ती फुगली, म्हणून तू फुगलीस, आणि संध्याकाळच्या बसने निघून गेलीस. तेव्हापासून घरात तुझं नाव निघालं की सिस्टरबाई भांडी जोरात ठेवतात. मधल्यामध्ये मी म्हणजे कोटाचं अस्तर. कुणाला दिसत नाही, पण आधी चुरगळतं तेच.

तुम्हा दोघींची समजूत काढणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं, तेव्हा निदान पॅनची तरी काढावी असं ठरवलं. बिडाचं भांडं तेल-तूप खात राहिलं की पुन्हा वळणावर येतं, असं तूच म्हणतेस. म्हणून रोज त्यात पॅनकेक करायचे ठरवले, तेही दुकानात, गुपचूप, इस्त्रीच्या टेबलामागच्या चहाच्या शेगडीवर. पॅन सकाळी कापडाच्या पिशवीत घालून न्यायचा आणि रात्री परत घरी जागेवर ठेवायचा. मैदा, अंडं, दूध, साखर. साध्या बंडीलाही याहून जास्त सामान लागतं, असं म्हणून मी बाह्या सरसावल्या. (हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!) पहिला पॅनकेक असा चिकटला की कॉलरची टोकं बाहेर काढायच्या सळईने खरवडावा लागला. दुसऱ्याच्या वेळी सढळ हाताने तेल सोडलं, पण घाईत हाताला लागली ती मशीनच्या तेलाची कुपी. तो पॅनकेक काय सुरेख सुटला, ताई! सुटल्यावर वास आला. तो मी फेकायला गेलो, तर पायरीवरच्या कुत्र्याने हुंगला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि समोरच्या चपलांच्या दुकानाबाहेर मुक्काम हलवला. (पॅन उकळत्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला, काळजी करू नकोस.)

पुढे हात बसला तसा माज आला. एकदा वकीलसाहेब कोटाच्या मापाला आले होते. छाती काढून ते उभे, आणि मी त्यांना म्हटलं, एवढा एक उलटवतो आणि येतो. उलथनं न घेता नुसता झटका देऊन उलटवायला गेलो, तर पॅनकेक वर गेला आणि बरोबर वकीलसाहेबांच्या खांद्यावर उतरला, अगदी शिवणीवर, मधोमध. टेप लावूनही मला इतकं नेमकं जमलं नसतं. त्यांनी तो शांतपणे उचलला, खाल्ला, साखर कमी असल्याचा निकाल दिला आणि बगलेचं माप घ्यायला हात वर केले. (अंगावरच्या काळ्या कोटाला डाग पडला, म्हणून नव्याचं कापड मुकाट्याने माझ्या पदरचं दिलं, नाहीतर खटला भरायला त्यांना बाहेर कुठे जावं लागलं असतं?)

तर सांगायची गोष्ट अशी, की पॅन हळूहळू काळवंडू लागला. माझ्या कल्पनेपेक्षा जरा लवकरच, पण मी ते माझ्या हाताच्या गुणावर टाकलं. आणि गेल्या रविवारी सिस्टरबाई ड्यूटीवर गेल्याचं पाहून मी घरीच तुझा केक करायला घेतला. मी पडलो शिवणारा, कापड कमी पडण्याची भीती आमच्या रक्तात. म्हणून मिश्रण काठोकाठ ओतलं, घट्ट झाकण ठेवलं आणि वाफ जाऊ नये म्हणून वर जुनी लोखंडी इस्त्री ठेवली. केक बिचारा फुगला. फुगून जाणार कुठे? झाकणाला जाऊन चिकटला. मी झाकण ओढलं, येईना. शेवटी कट्ट्याला पाय लावून हिसडा दिला, तेव्हा झाकण आलं, केक आला, आणि त्यातला मधला कच्चा भाग तसाच वर छताला गेला. त्याच क्षणी सिस्टरबाई दारात.

मी घाबरून तोंडाला आलं ते बोललो, "कडेला माया सोडायला हवी होती गं."

तिने छताकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "कसली माया?"

मग मी आपला सांगत सुटलो. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतो, ती माया. उद्या माणूस सुटला तर उसवून सैल करता यावं म्हणून. आणि आमची ताई तर कशालाही माया म्हणते, पॅनवरच्या त्या काळ्या थरालाही मायाच म्हणते. ही स्टूल ओढून खाली बसली. "म्हणजे त्या दिवशी वन्सं पॅनबद्दल बोलत होत्या?"

ताई, तू पॅन हातात घेऊन काय म्हणालीस आठवतं? "घासून घासून माया शिल्लक ठेवली नाही हिने." ही बाहेर गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिला तुझ्या हातातला पॅन दिसला नाही, वाक्य तेवढं ऐकू गेलं. तू म्हणशील, शिवणाऱ्याच्या घरात इतकी वर्षं राहून हिला हा शब्द कसा ठाऊक नाही? अगं, टाके आम्ही दोघंही घालतो, पण तिच्या दवाखान्यातल्या टाक्यांत माया सोडत नाहीत. आणि दोऱ्याचे तुकडे पायाला चिकटतात म्हणून दुकानात ती पाऊल ठेवत नाही. कुणी ध चा मा केला असता तर त्याचा कान तरी धरता आला असता. इथे मा होता तो मा-च राहिला आणि तरी अनर्थ झाला.

ती रडली, ताई. एरवी लोकांना सुया टोचून त्यांना रडवणारी बाई. म्हणाली, "आई गेल्यावर मला हक्काने रागावणारं एकच माणूस उरलं होतं, आणि त्यांनीच मला परकं केलं असं वाटलं." मी झाकणावरचा केकचा तुकडा काढून तिच्या हातात दिला. तिने डोळे पुसत तो खाल्ला आणि कच्चा असल्याचं सांगितलं. मला फार बरं वाटलं.

तेव्हा राग सोड. तूही चुकली नाहीस, तीही चुकली नाही, म्हणजे उरलो मीच. तो आरोप मला मान्य आहे.

तुझाच,
कात्र्या

ता. क. भावोजींची पँट पोस्टाने पाठवणार नाही. अंगावर घालून बघितल्याशिवाय मी कपडा देत नसतो, हे तुला माहीत आहे.

ता. क. चा ता. क. पॅनही पाठवणार नाही. पोस्टात जड पडतो. तो न्यायला तरी ये.

वन्संना नमस्कार. पत्र पाकिटात घालायच्या आधी मी वाचलं. पॅन ह्यांच्या पॅनकेकने सुधारलेला नाही. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी हे आंघोळीला गेले, की मी त्याला तेल चोळून मंद गॅसवर ठेवत होते. राग तुमच्यावर होता, पॅनवर नव्हता. आता अगदी पहिल्यासारखा काळा झाला आहे, येऊन बघा. मात्र नेऊ नका. नेलात, तर परत यायला तुम्हाला निमित्त काय उरेल?