गव्हांकुरांसाठी तासभर ऊन

बाई, आमच्या घरात सध्या तुमच्या प्रयोगशाळेतल्या डार्करूमसारखा उजेड आहे. सोसायटीचं प्लास्टरचं काम निघालंय, त्यामुळे बिल्डिंगभोवती परांची आणि परांचीवर हिरवी जाळी. शांती नगरात दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लावून बसलेय. कॉलेजात आपण गव्हाची रोपं अंधारात वाढवायचो आणि हिरव्या दिव्यात कापायचो, कारण त्या दिव्यात आपल्याला दिसतं, रोपाला मात्र रात्रच वाटते. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. आता सासूबाईंना भरवताना, त्यांची कूस बदलताना सगळं नीट दिसत असतं, आणि जीव घुसमटतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कुणाला सांगू?

सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून माझं बाहेर जाणं म्हणजे सकाळी बागेच्या गेटवर गव्हांकुरांचा रस विकणं, तेवढंच. जाळी लागली आणि बाल्कनीतले ट्रे पिवळे पडले. नवरा खताची बाटली घेऊन आला. "अगं, उपाशी वाटतायत ती. घाल ना थोडं जास्त." माणूस चांगला आहे हो, त्याचाच तर राग येतो. कॉलेजात मी एकदा पिवळ्या रोपांना खतातलं नायट्रेट वाढवून दिलं होतं, तेव्हा तुम्ही चिमटा टेबलावर आपटलात. "उपाशी नाहीये ते! मुळं ओढतायत, पण ते वापरायला पानाला उजेड नको? नुसतं साठतंय आत. आधी उजेडात आण, मग बघ मुळंही कशी जोमाने ओढतात." असं नायट्रेट साठलेल्या पानांचा रस लोकांना कसा पाजू? खताची बाटली मी उघडलीच नाही. गेटवर जाणं मात्र बंद झालं.

गच्चीची चावी मागितली तर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, काम चालू है, टेरेस बंद. कमिटी का रूल है." गच्चीच्या कुलूपबंद दाराबाहेर, जिन्यात एक खिडकी आहे. तिथवर जाळी पोचलेली नाही. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी तिथे एक ट्रे नेते. पानांवर हिरवा रंग चढतोय. घरी सांगितलंय, रोपांपाशी तासभर थांबावं लागतं. नवरा म्हणाला, "जा, मी आहे घरात."

हा कागद ट्रेखालीच राहील, भिजून जाईपर्यंत. पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही, बाई. रोपांपाशी थांबावं लागत नाही. ट्रे ठेवून लगेच खाली येता येतं. मी येत नाही.