बाबांचं बोट, आत्याचा आवाज

३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर माझं बोलणं तोंडातल्या तोंडातच राहतं, मला बोलता येत नाही आणि घशाच्या ऑपरेशनपासून तुलाही, म्हणून पत्रच बरं. तू पाटीवर लिहिलं होतंस ना, की आपला जुना आवाज एकदा ऐकायचाय? रेडिओवाल्यांनी त्यांच्या टेपा पुसून त्यांवर बातम्या भरल्या. म्हणजे उरली असलीस तर आमच्याच माळ्यावर. बाबांनी घरी भरलेल्या, तू रेडिओवर निवेदन करायचीस त्या गाजलेल्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या एकसष्ट कॅसेटी सापडल्या. बुटांच्या खोक्यांत!

मी काम करते त्या दुरुस्तीच्या दुकानातला कॅसेट डेक घरी आणलाय. मालकीणबाई म्हणाल्या, मोडलास तर तुलाही दुरुस्तीच्या फळीवर ठेवीन. डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, स्पिरिटने पुसून एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर घेते.

पण आत्या, चाळीस झाल्या आणि तू त्यांत नाहीस. गाणं संपतं, तू "तर" म्हणतेस, आणि खट्! बाबांनी बटण दाबलेलं. बाबांना विचारलं तर ते खूशच झाले. म्हणाले, कॅसेटी महाग होत्या, बडबडीत कोण घालवणार? आणि म्हणे माझ्यासारख्या घड्याळजीच्या बोटाइतकं नेमकं बोट कुणाचं चालायचं नाही.

दोनशे अकरा "तर" निघालेत. पाठवू?

लोभ असू दे, रागावलीस तरी.
तुझी,
पुटपुट

९ जून

चि. पुटपुटीस,
अ. उ. आ.

"तर" नकोत गं बाई. मला आधीच कमी ऐकू येतं, त्यात माझंच डोकं उठेल.

अकरा वर्षं दर रविवारी मी बोलले. लोक पत्रं पाठवायचे, की गाण्यांपेक्षा तुमचं बोलणं आवडतं. दादाला विचारलं, ऐकतोस ना रे, तर म्हणायचा, एक रविवार चुकवला नाही. खोटं नव्हतंच ते. इतकं मन लावून निवेदिकेचं तोंड बंद करणारा श्रोता दुसऱ्या कुणाच्या नशिबी नसेल. आणि सांभाळलं काय, तर गाणी! ती आज कुणाच्याही खिशात वाजतात.

उरलेल्या एकवीस ऐक. नाही मिळालं तर सरळ तसं लिही, गोड करून नको. दादाला काही बोलू नकोस. तशी तू कुणाला बोलतेस म्हणा!

लोभ आहेच, तो विचारून घ्यावा लागत नाही.
तुझी आत्या

१७ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सापडलीस! छप्पन्नाव्या कॅसेटीत, चार मिनिटं. बहुतेक दारावर कुणी आलं आणि बाबा बटण सोडून उठले.

पण नेमकी तिथेच तू चुकलीयस. भलत्याच गाण्याचं नाव सांगतेस, माफी मागतेस, माफी मागताना पुन्हा तेच नाव घेतेस आणि तुला हसू फुटतं.

अजून एक. बाबा रेडिओसमोर माईक ठेवून भरायचे, त्यामुळे घरातलंही सगळं आत आलंय. तुझ्या हसण्याच्या मधोमध बाबा धावत येतात आणि रेडिओलाच सांगतात, की आवर गं बये, नोकरी जाईल तुझी. इतके घाबरलेत, की मी डेक थांबवून बसले.

बाबांना ऐकवलं. ते खूप वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, माझी बडबड काढ आणि तिला स्वच्छ पाठव. काढता येईल, पण तेवढं तुझं हसूही जाईल. दोन्ही कॅसेटींवर भरून वेगवेगळ्या डब्यांत पाठवतेय. एकात अख्खं आहे, दुसऱ्यात कापलेलं. ठेवायचं कुठलं ते सांग, मग दुसरं कॉम्प्युटरवरून पुसते.

लोभ असू दे, बाबांवरसुद्धा.
तुझी,
पुटपुट

२४ जून

चि. पुटपुटीस,
अ. उ. आ.

कापलेला डबा मी उघडलाच नाही. कॉम्प्युटरवरचं ते कापलेलं पुसून टाक.

माझा आवाज मधासारखा होता असं मी तुम्हाला इतकी वर्षं सांगत आले. ऐकला. बरा होता. मध वगैरे काही नाही.

दादाला सांग, त्याची बडबड एक सेकंदही कमी होणार नाही. त्याने मला अकरा वर्षं कापलं, आपण त्याला कापायचं नाही. नोकरी जाईल म्हणे! ही भीती त्याने मला कधी बोलून दाखवली नाही, आणि तुला म्हणे, कॅसेट महाग.

तो "आवर गं बये" म्हणाला, तेव्हा त्याला झापायला मी तोंड उघडलं. आवाज कुठला येतोय! पण तेवढ्यात कॅसेटमधली मी दुप्पट जोराने हसले, आणि काम झालं.

दोघांवर लोभ आहे, त्याच्यावर जरा जास्त. त्याला हे दाखवू नकोस.
तुझी आत्या